नवागताचे सेनासन : विहारातील खोली आणि विद्यार्थ्याचे वसतिगृह

महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणजे निम्मे काम झाले, असे पालकांस वाटते. विद्यार्थ्यास मात्र जून-जुलैच्या त्या गर्दीतच कळून चुकते की, आता राहावयाचे कोठे आणि कोणाबरोबर, हा प्रश्न प्रवेशाइतकाच मोठा आहे. वसतिगृहाची यादी कोणत्या निकषाने लागते, चांगली खोली कोणास मिळते, नव्याने आलेल्यास कोपऱ्यातील ओली खोली का मिळते, सोबती आपण निवडावा की अधीक्षकाने द्यावा, हे प्रश्न वरवर किरकोळ दिसतात. परंतु शिक्षणाचा इतिहास पाहू गेल्यास माणसाच्या आयुष्याला वळण देणाऱ्या गोष्टींत वर्गाइतकाच खोलीचाही वाटा असल्याचे आढळते. या प्रश्नांचा अत्यंत तपशीलवार विचार विनयपिटकात झालेला आहे. त्याकडे आपल्याकडील अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही.

चुल्लवग्गाच्या सहाव्या खंधकाचे नावच मुळी 'सेनासनक्खन्धक' असे आहे. 'सेनासन' हा शब्द 'सयन' आणि 'आसन' यांपासून बनला आहे. निजण्याबसण्याची जागा, हा त्याचा साधा अर्थ. त्यात मंचक, पीठ, गादी, उशी यांपासून राहत्या कोठीपर्यंत सर्व काही येते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या खंधकात 'विहार' हा शब्द पुष्कळ ठिकाणी एका भिक्खूच्या किंवा थोड्या भिक्खूंच्या निवासाच्या अर्थाने येतो. आज आपण ज्या परिसराला विहार म्हणतो त्याला तेथे 'आराम' अथवा 'आवास' म्हटले आहे. हा फरक लक्षात न घेतल्यास वाटपाचे नियम वाचताना घोटाळा होतो.

नियमाची उत्पत्ती एका रात्रीच्या प्रसंगात सांगितली आहे. भगवान बुद्ध वेसालीहून सावत्थीकडे निघाले होते. षड्वर्गीय भिक्खूंचे शिष्य संघाच्या पुढे धावत गेले आणि ही जागा आमच्या उपाध्यायांची, ही आचार्यांची, ही आमची, असे म्हणून त्यांनी सर्व निवास व शय्या अडवून टाकल्या. बसगाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपली पद्धत किती जुनी आहे, हे यावरून दिसते. मागाहून आलेल्या सारिपुत्तांना जागाच उरली नाही. धम्मसेनापती म्हणून ज्यांचा लौकिक, ते रात्रभर एका झाडाखाली बसून राहिले. पहाटे भगवंत उठून बाहेर आले आणि खोकले. झाडाखालून सारिपुत्तही खोकले. कोण आहे, अशी विचारणा झाली आणि सारा प्रकार उघडकीस आला.

भगवंतांनी संघ बोलावून विचारले की, उत्तम आसन, उत्तम पाणी आणि उत्तम भिक्षा यांचा अधिकारी कोण? भिक्खूंनी दिलेली उत्तरे अभ्यासण्याजोगी आहेत. कोणी म्हणाले, क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेला. कोणी ब्राह्मण कुळातला, कोणी गृहपती कुळातला. काहींनी सुत्तांचा जाणकार, विनयधर, धम्मकथिक यांची नावे घेतली. काहींनी ध्यानाच्या पायऱ्या मोजल्या आणि अर्हतापर्यंत जाऊन पोहोचले. भगवंतांनी यातील एकही निकष मान्य केला नाही. तित्तिर, वानर आणि हत्ती यांची कथा सांगून त्यांनी ज्येष्ठतेचा नियम घालून दिला. ही ज्येष्ठता वयाचीही नाही. ती उपसंपदेपासून मोजावयाची आहे.

कुळाचा निकष नाकारला गेला, याचे आपल्याला आश्चर्य वाटत नाही; ती बुद्धशासनाची ओळखच आहे. विद्वत्ता आणि ध्यानप्राप्ती यांचाही निकष नाकारला गेला, ही गोष्ट मात्र अधिक विचार करावयास लावते. माझ्या मते यामागे व्यवहाराचे खोल ज्ञान आहे. कोण किती विद्वान, कोणास कोणते ध्यान प्राप्त झाले, याविषयी वाद घालता येतो. आणि जेथे वादास जागा असते तेथे अखेरीस प्रतिष्ठा, ओळखी आणि कूळ हीच मागील दाराने आत येतात. उपसंपदेचा दिवस मात्र सर्वांसमक्ष ठरलेला असतो. तो कोणास बदलता येत नाही. या नियमाची धार किती होती हे पाहावयाचे असल्यास उपालीची प्रव्रज्या आठवावी. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किम्बिल आणि देवदत्त हे शाक्यकुमार अनुपियास प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा त्यांनी स्वतःच विनंती केली की आमच्या या न्हाव्याला आमच्या आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यांचा मान उतरेल. वरील नियम लावला असता खोलीच्या रांगेतही उपालीचा क्रमांक सहा राजकुलीनांच्या आधी लागतो. सामाजिक क्रांती कधी कधी निजण्याच्या जागेच्या यादीत दिसते, ती अशी.

नियम झाला म्हणजे पळवाटा आल्याच. आजारी भिक्खूला उठवून त्याची जागा घेऊ नये, असे ठरताच षड्वर्गीयांनी आपण आजारी आहोत असे सांगून उत्तम जागा बळकावल्या. तेव्हा आजाऱ्यास त्याच्या प्रकृतीस योग्य अशी शय्या द्यावी आणि सबब सांगून सेनासन अडवू नये, अशी दुरुस्ती करावी लागली. उपनंद शाक्यपुत्राने सावत्थीस एक जागा घेतली आणि मग एका खेड्यातील आवासात जाऊन तेथेही एक घेतली. तेथील भिक्खूंना तो भांडखोर म्हणून ठाऊक होता. त्यांनी त्याला सरळ विचारले की, आपण एकट्याने दोन जागा धरून ठेवल्या आहेत काय? त्यावरून एकाने दोन सेनासने अडवू नयेत, हा नियम झाला. सप्तदशवर्गीय भिक्खूंनी वर्षावासासाठी एका टोकाच्या मोठ्या निवासाची डागडुजी केली, आणि ती पूर्ण होताच षड्वर्गीयांनी येऊन त्यांना मानेस धरून बाहेर काढले. हा प्रसंग पाचित्तियांत आला आहे. ज्या कोणी वसतिगृहाच्या अधीक्षकाचे काम केले असेल त्याला या कथांतील एकही पात्र अपरिचित वाटणार नाही.

वाटप करणाऱ्याची निवड संघाने करावयाची असे. त्याला 'सेनासनग्गाहापक' म्हणत. आवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी जाऊन जो पक्षपात करीत नाही, आणि कोणती जागा दिली गेली व कोणती नाही हे ज्याला ठाऊक असते, असाच भिक्खू या कामी नेमावा, असे सांगितले आहे. पद्धतही निश्चित होती. प्रथम भिक्खू मोजावयाचे, नंतर शय्या मोजावयाच्या, आणि शय्येच्या हिशेबाने वाटप करावयाचे. शय्या शिल्लक राहिल्या तर निवासांच्या हिशेबाने, निवास उरले तर परिवेणांच्या हिशेबाने, आणि तरीही उरले तर आणखी एक वाटा द्यावयाचा. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहिले वाटप, त्यानंतर महिन्याने दुसरे, आणि पवारणेच्या दुसऱ्या दिवशी पुढील वर्षावासासाठी तिसरे. मोजणी आधी आणि वाटप मागून, या साध्या क्रमानेच निम्मी भांडणे मिटत असली पाहिजेत.

या सर्व व्यवस्थेतील सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा राजगृहाच्या वेळुवनातील दब्ब मल्लपुत्त यांची आहे. वयाच्या सातव्या वर्षी अर्हत्पद प्राप्त झालेल्या या स्थविरांनी आता आपण संघाची कोणती सेवा करावी, असा विचार करून निवासवाटपाचे व भोजनव्यवस्थेचे काम मागून घेतले. आलेल्या भिक्खूंची ते 'सभाग' पद्धतीने व्यवस्था लावीत, म्हणजे सारख्या वृत्तीच्यांना एकत्र ठेवीत. सुत्तांचे अध्ययन करणारे एकत्र, म्हणजे ते परस्परांना सुत्ते म्हणून दाखवतील. विनयधर एकत्र, म्हणजे ते विनयाचा ऊहापोह करतील. धम्मकथिक एकत्र, म्हणजे ते धम्माची चर्चा करतील. ध्यानी एकत्र, म्हणजे ते एकमेकांस व्यत्यय आणणार नाहीत. आणि ज्यांना गप्पा हाकण्याची व अंग कमावण्याची हौस, त्यांनाही त्यांनी एकत्र जागा दिली. तेही आपापल्या रुचीप्रमाणे सुखाने राहतील, एवढाच त्यामागील हेतू सांगितला आहे. ना उपहास, ना शिक्षा. आजच्या कोणत्याही वसतिगृहात तालीमबाजांचा एक मजला असतोच.

रात्री उशिरा येणाऱ्यांना दब्ब आपल्या तेजाच्या प्रकाशात वाट दाखवीत, आणि तो चमत्कार पाहण्यासाठी काही जण मुद्दाम उशिरा येऊन गृध्रकूट, सप्तपर्णी गुहा, इसिगिलीची काळशिला अशा लांबलांबच्या जागा मागत. ऋद्धीचा भाग बाजूस ठेवला तरी पुढील तपशील अस्सल आहे. जागी पोहोचल्यावर ते सांगत : हा मंचक, हे पीठ, ही गादी, ही उशी, मलमूत्रविसर्जनाची जागा ही, पिण्याचे पाणी येथे, वापरावयाचे तेथे, ही काठी, आणि संघाने ठरविलेली आत येण्याची व बाहेर जाण्याची वेळ ही अशी. पहिल्या रात्री नवागताला जे जे हवे असते ते सर्व यात आले आहे.

एवढे करूनही त्यांच्या वाट्यास काय आले? मेत्तिय आणि भुम्मजक हे नवे भिक्खू होते. संघातील हलक्या प्रतीचे निवास व भोजन त्यांच्या वाट्यास येत असे. दब्बच आपल्यावर डूख धरून आहेत, असा त्यांनी समज करून घेतला आणि एका भिक्खुणीस पुढे करून त्यांच्यावर शीलभ्रष्टतेचा खोटा आरोप केला. चौकशीत तो खोटा ठरला, आणि त्यावरून आठव्या संघादिसेसाचा नियम झाला. नवख्याचा असंतोष खरा असू शकतो, पण त्यातून निघणारा आरोप खरा असतोच असे नाही, हे दोन्ही या कथेत शेजारी शेजारी आहे.

'सभाग' या शब्दापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. समानांनी एकत्र राहावे, हे तत्त्व आपल्या समाजात सहज विपरीत अर्थाने वापरता येते. किंबहुना शतकानुशतके गावाची रचना त्याच विपरीत अर्थाने होत आली. परंतु दब्बांनी केलेल्या गटांत जन्माचा उल्लेख कोठेही नाही. त्यांचे सर्व गट माणूस काय करतो यावरून पडले आहेत. तो कोणाच्या पोटी आला, यास तेथे काही स्थान नाही. शिवाय 'सभाग' ही सोय आहे आणि ज्येष्ठता हा हक्क आहे. जागा नाकारली जाऊ नये म्हणून ज्येष्ठतेचा नियम. मिळालेली जागा उपयोगी पडावी म्हणून सभागाची दृष्टी. या दोहोंची गल्लत करू नये.

आता नवागताच्या बाजूने पाहू. वत्तक्खन्धकात आगंतुकाची कर्तव्ये दिली आहेत. आरामात शिरताना त्याने वहाणा काढाव्यात, झटकाव्यात, छत्री मिटावी, डोक्यावरील वस्त्र काढावे, सावकाश चालावे. आपल्या वाट्यास कोणते सेनासन येते, त्यात कोणी राहते आहे की ते रिकामे आहे, भिक्षेस कोठे जावे व कोठे जाऊ नये, शौचाची जागा कोणती, पाणी कोठे, संघाने ठरविलेल्या वेळा कोणत्या, हे सर्व त्याने विचारून घ्यावे. जागा रिकामी असल्यास दार ठोठावून क्षणभर थांबावे, मग अडसर काढून दार उघडावे आणि बाहेर उभे राहूनच आत पाहावे. नंतर सामान बाहेर काढून, छतावरील कोळिष्टकांपासून आरंभ करून झाडलोट करावी. येथे नवागत हा याचक नसून विचारणा करणारा आहे, हे विशेष. वाटा त्याचा आहेच. तो कोणता, एवढेच त्याने विचारावयाचे आहे.

मिळालेली जागा योग्य आहे की नाही हे ठरविण्याचे स्वातंत्र्यही त्याला आहे. मज्झिमनिकायातील वनपत्थसुत्तात याचा निकष दिला आहे. जेथे स्मृती स्थिर होत नाही आणि चीवर, भिक्षा यांचीही वाण, ते स्थान रात्र असो की दिवस, सोडून द्यावे. जेथे अन्नवस्त्र सुखाने मिळते पण चित्ताची प्रगती होत नाही, तेही सोडावे. जेथे अन्नवस्त्राची ओढाताण आहे पण चित्त स्थिर होते, तेथे राहावे. आणि जेथे दोन्ही साधते तेथे आयुष्यभर राहावे. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात निवासाचे अठरा दोष सांगितले, ते याच विचाराचे पुढचे रूप होय. निवास फार मोठा असेल तर कामे एकमेकांवर ढकलली जातात. नवा असेल तर बांधकाम संपत नाही, जुना असेल तर दुरुस्ती संपत नाही. रस्त्यालगत असेल तर रात्रंदिवस पाहुणे. तळ्याकाठी असेल तर नगरवासी स्थविरांचे शिष्य चीवरे रंगविण्यास येतात आणि भांडे कोठे, लाकूड कोठे, असे विचारून भंडावून सोडतात. पटत नसलेली माणसे एकत्र असणे हाही एक दोष आहे, आणि कल्याणमित्र न मिळणे हा शेवटचा. हे सर्व ध्यान करणाऱ्यासाठी सांगितले आहे, परंतु परीक्षेच्या वर्षातील विद्यार्थ्याने ते आपल्यासाठी वाचले तरी अनाठायी होणार नाही.

आपल्या महाराष्ट्रातील लेण्यांत ही व्यवस्था दगडात उरली आहे. कान्हेरीच्या कोठड्यांतील दगडी ओटे आणि बाहेरील पाण्याच्या पोढी पाहिल्या म्हणजे दब्बांनी नवागतास दाखविलेली शय्या व पाणी डोळ्यांपुढे उभे राहते. नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात वर्ष ४२ मधील दान नोंदविले आहे. त्याने ३००० कार्षापण श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी २००० दरमहा शेकडा एक दराने, आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. हिशेब चोख जुळतो : वर्षाचे व्याज २४०. आणि लेणे दिले आहे चातुर्दिश संघाला, म्हणजे चारी दिशांकडून आलेल्या आणि पुढे येणाऱ्याही भिक्खूंना. जो अजून आलेलाच नाही त्याचाही खोलीवर हक्क आहे, हा विचार दानपत्रात शिरला होता.

नालंदेची पद्धत चिनी यात्रेकरूंनी लिहून ठेवली आहे. ह्युएन-त्संग तेथे पोहोचला तेव्हा त्याला प्रथम बालादित्याच्या विहारात बुद्धभद्रांच्या निवासात सात दिवस पाहुणा म्हणून ठेवले, आणि नंतर धर्मपालांच्या जुन्या निवासाच्या उत्तरेस स्वतंत्र जागा दिली. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे राहिलेला इ-त्सिंग सांगतो की, वर्षावासापूर्वी दरवर्षी संघ खोल्यांचे नव्याने वाटप करतो. चांगल्या खोल्या स्थविरांना आणि मग क्रमाने शेवटच्यापर्यंत. यामुळे 'ही माझी' ही भावना राहत नाही आणि खोल्यांची निगाही राखली जाते, असे त्याचे निरीक्षण आहे. त्या काळी नालंदेत ३००० हून अधिक भिक्खू होते. बुद्धकाळातील नियम हजार वर्षांनंतर एवढ्या मोठ्या विद्यापीठात चालू होता, यावरून तो किती व्यवहार्य होता हे कळून येते.

नालंदा गेली आणि चातुर्दिश खोलीची कल्पनाही गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी या भूमीत विद्यार्थ्याची खोली पुन्हा जन्मावरून ठरत होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उघडली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मधले. ती जातवार होती म्हणून त्यांना नावे ठेवणारे आजही भेटतात. परंतु जेथे सामाईक छप्पर मिळतच नव्हते तेथे आधी छप्पर देणे हेच न्यायाचे होते.

याच काळात, जुलै १९१३ मध्ये, बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आरंभी सुमारे आठवडाभर ते हार्टले हॉल या विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. तेथील अन्न मानवेना, म्हणून ते पश्चिम ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले. तेथे काही भारतीय विद्यार्थी राहत असत. अखेरीस ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये आले आणि नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. तीन जागा, तीन कारणे. पहिली सुटली ती 'गोचर' अनुकूल नव्हता म्हणून, दुसरी देशबंधूंची, तिसऱ्या जागी ना जात एक, ना धर्म एक, आणि तेथेच आयुष्यभराचा मित्र मिळाला. दब्बांच्या अर्थाने सभाग म्हणावयाचा तो हाच.

आणि तेच बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी नाव नोंदवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्रानेही घरात घेण्याचे टाळले. गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. हा वृत्तान्त त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहिला आहे. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये एक पारशी सोबती लाभला आणि बडोद्यात पारश्यांनीच हाकलले. तेव्हा दोष एखाद्या धर्माच्या नावात शोधण्यापेक्षा भारतातील हवेत शोधावा लागतो. शहरात खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्यास आडनाव विचारले जाते तेव्हा ती हवा अजून पुरती बदललेली नाही, असे म्हणावे लागते.

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि ४ जानेवारी १९२५ रोजी तिने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. सभेच्या आरंभीच्या कामांत वसतिगृहाला हे स्थान मिळाले, ते ज्याने बागेत बसून गाडीची वाट पाहिली होती त्याच्या पुढाकाराने. पुढे १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय निघाले, त्याला मिलिंद राजाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव देण्यात आले.

त्या नागसेनाचीही नवागत म्हणून एक कथा मिलिंदपञ्हात आहे. रोहण स्थविरांनी तरुण नागसेनास वत्तनिय सेनासनात अस्सगुत्त स्थविरांकडे पाठविले. त्याने तेथे जाऊन राहू देण्याची विनंती केली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने परिवेण झाडले, तोंड धुण्याचे पाणी आणि दातवण आणून ठेवले. स्थविरांनी एक शब्दही न बोलता झाडलेली जागा पुन्हा झाडली, ते पाणी ओतून दुसरे आणले आणि ते दातवण बाजूस ठेवून दुसरे घेतले. सात दिवस असेच चालले. सातव्या दिवशी त्यांनी पुन्हा पहिल्या दिवसाचेच प्रश्न विचारले, नागसेनाने तीच उत्तरे दिली, आणि मग स्थविरांनी त्याला त्या वर्षावासापुरते तेथे राहण्याची अनुज्ञा दिली.